ग्योताकू: मुलांना माशाचा ठसा घ्यायला शिकवताना

मेघना_निशिकासाई

नमस्कार मंडळी,

‘सुट्टीत मुलांना काय शिकवावं’ या धाग्यावर मी परवा ग्योताकूचा ओझरता उल्लेख केला आणि चार-पाच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सविस्तर लिहायला सांगितलं. म्हणून हा वेगळा धागा.

आम्ही टोकियोत, एदोगावा भागातल्या निशिकासाईला राहतो. मुलगा इथल्या जपानी शाळेत चौथीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा मुलांना ‘जियू केन्क्यू’ करायला सांगते. म्हणजे आपल्या आवडीचा विषय घ्यायचा, स्वतः काहीतरी करून, शोधून, सप्टेंबरात वर्गात मांडायचं. कोणी भुंगेरे पाळतं, कोणी सकाळी उमलणाऱ्या फुलांची रोजनिशी लिहितं आणि दरवर्षी एखादं मूल तरी ग्योताकू घेऊन येतंच. ग्यो म्हणजे मासा, ताकू म्हणजे ठसा. खऱ्या माशाला शाई लावायची, वर पातळ कागद ठेवून हाताने दाबायचा आणि उचलायचा. मासा जेवढा, तेवढाच ठसा. ना मोठा, ना लहान.

मुलाने पहिलीत असताना असा एक ठसा वर्गात पाहिला आणि घरी येऊन हट्ट धरला. मला काही येत नव्हतं. शेजारच्या इमारतीत एक जपानी आजोबा राहतात, दर रविवारी आराकावा नदीच्या मुखाशी गळ टाकून बसतात. त्यांच्याकडून आम्ही दोघं शिकलो. त्यानंतर गेली तीन वर्षं ऑगस्टमधल्या एका रविवारी मी इथल्या मराठी मुलांना घेऊन बसते. यंदा नऊ मुलं होती, सहा ते बारा वयाची.

पहिल्या वर्षी मी घाई केली होती. मासे आणले, नळाखाली धरले, मुलांच्या हातात ब्रश दिले. सगळ्यांच्या कागदावर काळे डाग आले, मासा कुठेच दिसेना. एक मुलगी रडायला लागली. आजोबांना दाखवलं तर ते म्हणाले, शाई लावायची वेळ सगळ्यात शेवटी येते, तुम्ही तिथूनच सुरुवात केलीत. तेव्हापासून दोन तासांतला दीड तास आम्ही फक्त मासा तयार करतो, आणि मुलं जे काही शिकतात ते त्या दीड तासात शिकतात असं माझं ठाम मत झालंय.

आम्ही ‘अजी’ घेतो. नाव ऐकून आपली मुलं आधी खूप हसतात. वीत-सव्वा वीत लांबीचा, स्वस्त आणि बारमाही मिळणारा मासा. मासेवाल्याला आधीच सांगावं लागतं की पोट साफ करू नका, खवलं काढू नका, आहे तसाच द्या. पोट चिरलेला मासा दाबला की मधे बसतो आणि ठशात तिथे खळगा दिसतो. घरी आणला की अंगावरचा बुळबुळीत थर काढायचा. हा थर राहिला तर शाई खवल्यांना धरतच नाही, आमचे पहिल्या वर्षीचे डाग त्याचेच. चिमूटभर मीठ घेऊन डोक्याकडून शेपटीकडे हळूच चोळायचं, उलटं चोळलं की खवलं निघतात. मग धुवून कागदी रुमालाने टिपायचं. तोंडात, कल्ल्यात आणि खाली गुदद्वारात कापसाचा बोळा घालायचा, नाहीतर दाबल्यावर पाणी बाहेर येतं आणि नेमका तोंडापाशी ओघळ उतरतो. गुदद्वार म्हटल्यावर पुन्हा हशा. हसू द्यायचं, मासा कुठून खातो आणि कुठून टाकतो हे त्यांना जन्मभर लक्षात राहतं.

मग पर. हे माझं सगळ्यात आवडतं काम. थर्मोकोलच्या पाट्यात माशाच्या आकाराचा खड्डा कोरायचा, म्हणजे अर्धा मासा आत बसतो आणि पर पाट्याच्या पातळीला येतात. एकेक पर बोटाने उलगडायचा आणि टाचणीने तिरका टोचून ताणून ठेवायचा. पाठीवरचा, पोटाखालचा, शेपटीचा. पाठीवर काटेरी पर पुढे आणि मऊ पर मागे, असे दोन असतात हे तेव्हाच कळतं. अजीच्या अंगावर कल्ल्यामागून शेपटीपर्यंत कडक, काटेरी खवल्यांची एक ओळ जाते, जपानीत तिला ‘झेइगो’ म्हणतात. मुलं तिच्यावरून बोट फिरवतात. सातवीतली एक मुलगी म्हणाली, “मावशी, ही तर माशाची झिप आहे.” पर पंख्यासमोर वीसेक मिनिटं वाळले की ताठ होतात, मग टाचण्या काढल्या तरी मिटत नाहीत.

शाई म्हणजे सुमी, काजळी आणि सरस यांची. शाळेत सुलेखनासाठी असते तीच, बाटलीतली. रुंद मऊ ब्रशने डोक्याकडून शेपटीकडे पातळ थर द्यायचा, मग एकदाच उलट, शेपटीकडून डोक्याकडे अगदी हलका, म्हणजे खवल्यांच्या कडांनाही शाई लागते. डोळ्याला लावायची नाही. कागद सुलेखनाचाच, ‘हान्शी’, साधारण २४ बाय ३३ सेंटीमीटर. कागद एकदा ठेवला की हलवायचा नाही. अंगठ्यांनी मधून कडेकडे दाबत जायचं, पर शेवटी. आणि मग एका टोकाकडून उचलायचा.

त्या क्षणी मुलांचे चेहरे पाहावेत. इतका वेळ थर्मोकोलवर पडलेला मासा कागदावर येतो तेव्हा पोहत असतो.

पहिला ठसा बहुतेक वेळा गडद येतो. त्याच माशावर पुन्हा शाई न लावता दुसरा कागद ठेवा, खवलं न् खवलं उमटतं.

प्रश्न विचारा, माहीत आहे तेवढं सांगेन.

अबोली_पुणे

मेघनाताई, फार सुंदर लिहिलंयस. माझी लेक आठ वर्षांची आहे, चित्रांचं वेड आहे. पण आमच्या घरात मासा येत नाही, सासूबाईंना वासही सहन होत नाही. रबराचे मासे मिळतात असं नेटवर पाहिलं. ते वापरले तर चालेल का? आणि तू डोळ्याचं काय केलंस ते लिहिलं नाहीस.

मेघना_निशिकासाई

अबोली, रबराचे साचे मिळतात, बऱ्याच देशांतल्या शाळा तेच वापरतात, कारण धुवून पुन्हा पुन्हा वापरता येतात. पण मनापासून सांगू? मला ते पटत नाही. रबरी माशाचे पर उलगडावे लागत नाहीत, बुळबुळ काढावी लागत नाही, प्रत्येक ठसा एकाच माशाचा. शाळेतल्या शाईच्या शिक्क्यासारखं होतं ते. त्यापेक्षा पानं घे. पिंपळाचं, वडाचं, भोपळ्याचं पान. शिरा पानाच्या पाठीवर वर आलेल्या असतात, त्या बाजूला पातळ शाई लाव आणि हाच कागद, हाच हात. लेकीला तेवढंच बारकाईनं पाहायला लागेल आणि सासूबाईही येऊन बसतील.

डोळ्याचं राहूनच गेलं. डोळा ओला आणि फुगीर असतो, ठशात नीट येत नाही, म्हणून तिथे कोरी जागा सोडतात आणि कागद वाळल्यावर बारीक ब्रशने रंगवतात. ग्योताकूत हाताने काढायची गोष्ट ही एवढीच. बाकी सगळं मासा स्वतः काढतो. मी मुलांना आधी खऱ्या माशाचा डोळा पाहायला लावते: बाहुली अगदी गोल आहे का, भोवतीचं कडं कोणत्या रंगाचं, उजेडाचा ठिपका कुठे पडलाय. तो ठिपका कोरा सोडला नाही तर मासा मेलेला दिसतो.

दर्याकिनारी

मी रत्नागिरीजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. हा प्रकार वाचून होतो, पण इतकं तपशिलात कोणी सांगितलं नव्हतं. ताई, आपल्याकडे कुठला मासा चांगला? माझ्या डोक्यात पापलेट आहे. चपटा आहे, मुलांना घरचा वाटतो, आणि २०२३ पासून तो महाराष्ट्राचा राज्य मासाही आहे. पण पापलेटाची खवलं एवढीएवढीशी आणि हात लावताच निघणारी. ठशात काही दिसेल का? आणि कागद? सुलेखनाचा जपानी कागद इथे कुठून आणू?

नाना_हर्णै

सर, पापलेट नको. भाव बघितलात का? आणि पोरांना स्वस्तात द्यायचा म्हणून चार बोटांची पिल्लं घेऊन जाल, तीच वाढायची असतात. आमच्या बंदरात याच गोष्टीवरून बोंब आहे. ताई म्हणतात तो अजी म्हणजे आपला काटबांगडा धरायला हरकत नाही, त्याच्याही शेपटीकडे अशीच काटेरी ओळ असते, हाताला लागते चांगली. खवलं दाखवायची असतील तर तांबोशी घ्या. आणि एक ध्यानात ठेवा, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. जे करायचं ते एप्रिल-मेमध्ये करा, नाहीतर गणपतीनंतर.

मेघना_निशिकासाई

नाना, तांबोशी अगदी बरोबर. जपानमध्ये ठशासाठी सगळ्यात मानाचा मासा ‘ताई’, तो साधारण तसाच लालसर, मोठ्या खवल्यांचा. ‘मेदेताई’ म्हणजे मंगल, शुभ, त्या शब्दात ताई येतो म्हणून लग्नकार्यात, नवीन वर्षाला तो लागतोच.

सर, तुम्हाला आणखी एक सुचवू? चिलापी. उजनीच्या पाण्यातला. खवलं मोठी आणि घट्ट, अंग चपटं, स्वस्त, आणि बाहेरून आलेला, पसरलेला मासा असल्यामुळे पिल्लं मारल्याची टोचणीही नाही. फक्त पाठीचे काटे टोकदार असतात, लहान मुलांच्या हातात देताना ती कडा तुम्ही उलगडून द्या.

कागदासाठी पुण्याची हातकागद संस्था आहे. त्यांच्याकडे पातळातला पातळ कागद मागा. मुद्दा एवढाच की कागद लवचीक हवा, लांब धाग्यांचा. जपानी वाशी कागद कोझो नावाच्या तुतीच्या जातीच्या झुडपाच्या सालीपासून करतात, त्याचे धागे लांब असतात म्हणून तो ओला झाला तरी फाटत नाही आणि माशाच्या अंगावर कापडासारखा बसतो. छपाईचा साधा कागद ताठ असतो, तो खवल्यांच्या मधल्या खाचांत उतरतच नाही.

रोहित_पी

लेख आवडला. एक शंका आहे आणि ती खोडसाळपणे विचारत नाही. नऊ मुलं, नऊ मासे. शाई लावलेले. पुढे काय होतं त्यांचं? कलेसाठी अन्न फेकणं मला पटत नाही. आमच्या आजीने ताटात काटासुद्धा टाकू दिला नाही.

मेघना_निशिकासाई

रोहित, हा प्रश्न मला पहिल्याच वर्षी एका सहा वर्षांच्या मुलाने विचारला होता आणि मला तोंड वर करून उत्तर देता आलं नाही. ते मासे मी फेकले होते.

बाटलीतल्या शाईत रेझिन आणि टिकवणारी द्रव्यं असतात, ती लावलेला मासा खायचा नाही. शिवाय अजी, बांगडा, कुपा हे मासे उन्हाळ्यात तासभर बाहेर राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होऊ लागतं आणि ते तळून-उकळूनही जात नाही. अंगावर गांधी उठतात, डोकं भणभणतं. म्हणून ‘धुवून खाल्ला की झालं’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

आता मी दोन गोष्टी करते. नऊ मुलांमध्ये तीनच मासे. तिघांचा एक गट, एकाच माशाचे तिघांचे ठसे, त्यामुळे एकमेकांचे ठसे ताडूनही पाहता येतात. आणि मोठ्या मुलांना दुसरी पद्धत दाखवते, ज्यात शाई माशाला लागतच नाही. मासा सगळा वेळ बर्फाच्या पिशवीवर असतो आणि पाऊण तासात परत फ्रीजमध्ये जातो. तो आम्ही त्याच संध्याकाळी तळून खातो. लहानांच्या गटातले दोन मासे मात्र आजही वाया जातात. म्हाकुळाच्या शाईने करता येतं, ती खाण्याची असते, पुढच्या वर्षी तसं करून बघणार आहे. तुमच्या आजींचं म्हणणं मला मान्य आहे.

शिलालेखी

ही दुसरी पद्धत म्हणजे मासा ओल्या कागदाने झाकून वरून शाईची थोपटणी करतात तीच ना? कारण तीच असेल तर ती मला ओळखीची आहे. मी गेली बारा वर्षं हौसेनं शिलालेख वाचतो. शिळा स्वच्छ करायची, ओला कागद चढवायचा, ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा, मग शाईची गादी वरून थोपटायची. उंच भाग काळा, खोदलेलं अक्षर पांढरं. आम्हीही त्याला ठसाच म्हणतो.

मेघना_निशिकासाई

शिलालेखीदादा, अंगावर काटा आला तुमचं वाचून. अगदी तेच! जपानीत शिलालेखाच्या ठशाला ‘ताकुहोन’ म्हणतात आणि त्यातला ‘ताकू’ आणि ग्योताकूतला ‘ताकू’ हे एकच अक्षर आहे.

माशाच्या बाबतीत ओला कागद किंवा रेशमी कापड माशावर चिकटवतात आणि कापूस रेशमात गुंडाळून केलेल्या छोट्या गोळ्याने, त्याला ‘ताम्पो’ म्हणतात, शाई हळूहळू टिपत जातात. या पद्धतीत रंगही भरता येतात. विसाव्या शतकात रंगीत ग्योताकू बहरलं ते हिच्यामुळेच. पण वेळ फार लागतो, दहा वर्षांखालच्या मुलांचा धीर सुटतो.

दोन्ही पद्धतींतला एक फरक मुलांनी स्वतः शोधला, तो सांगायलाच हवा. यंदा एका गटाला मी ‘कारेई’ दिला होता. आपल्याकडच्या भाकशीसारखा, दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला चपटा मासा. जपानी मुलांना पाठ असतं की ‘हिरामे डावा, कारेई उजवा’. दोघे दिसायला सारखे, पण डोळ्यांची बाजू वर आणि पोट आपल्याकडे करून ठेवला की हिरामेचं तोंड डावीकडे येतं आणि कारेईचं उजवीकडे. माझ्या मुलाने ठसा उचलला आणि ओरडला, “आई, कारेईचा हिरामे झाला!” खरंच, कागदावर तोंड डावीकडे. शाई माशाला लावून घेतलेला ठसा आरशातल्यासारखा उलटा येतो. मी समजवायला तोंड उघडणार, तोच गटातली दहा वर्षांची मुलगी म्हणाली, “नाही झाला. हिरामेचं तोंड मोठं असतं आणि दात असतात. याचं तोंड बघ किती छोटंय.” मग त्यांनी वरून शाई टिपण्याची पद्धत करून पाहिली आणि त्यात कारेई कारेईच राहिला. मी काहीही शिकवलं नाही.

ईरा_नाशिक

ताई, माझा मुलगा हळवा आहे. मेलेल्या माशाला टाचण्या टोचायच्या म्हटल्यावर तो बहुतेक रडेल. अशा मुलांचं काय करता?

मेघना_निशिकासाई

ईरा, जबरदस्ती कधीच करत नाही. दुसऱ्या वर्षी असाच एक मुलगा आला होता. सात वर्षांचा. माशाकडे बघेना, आईच्या मागे उभा. त्याला म्हटलं, तू साक्षीदार हो.

जुन्या ग्योताकूवर माशासोबत मजकूर लिहिलेला असतो: मासा कोणता, लांबी किती, वजन किती, कुठल्या पाण्यात, कोणत्या दिवशी, कोणी पकडला. आणि पुष्कळदा पाहणाऱ्याचंही नाव. आपल्याकडे पंचनाम्यावर पंचांची सही असते ना, तसं. कारण गळाने मासे पकडणारा माणूस सांगताना मासा वीतभर वाढवतो हे जगभर ठाऊक आहे, ठशापुढे मात्र ते चालत नाही.

तर या मुलाला मी पट्टी आणि वजनकाटा दिला. पहिल्यांदा लांबूनच मोजली त्याने लांबी. मग नीट मोजता येईना म्हणून जवळ आला. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, २१ सेंटीमीटर आणि वर दोन मिलिमीटर. ते दोन मिलिमीटर लिहायचे की नाही यावर त्याने दहा मिनिटं वाद घातला आणि शेवटी लिहायलाच लावले. माशाला त्याने बोट लावलं नाही. पण तीन ठशांवर त्याचं नाव आहे. यंदा तो पुन्हा आला होता आणि या वेळी पर त्यानेच उलगडले.

आणि सुरुवात करण्याआधी आम्ही सगळे माशासमोर हात जोडतो. इथे जेवायला बसताना ‘इतादाकिमास’ म्हणतात, म्हणजे नम्रपणे स्वीकारतो. तेच म्हणतो.

दर्याकिनारी

हे साक्षीदाराचं फार आवडलं. ही कला मुळात कोळ्यांची ना? बाजारात मासा विकण्याआधी नोंद ठेवायला ते ठसा घेत, असं वाचलंय.

मेघना_निशिकासाई

सर, ती गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण सगळ्यात जुना ज्ञात ठसा वेगळंच सांगतो. तो १८३९ सालचा आहे, फुना नावाच्या माशाचा, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला गोड्या पाण्यातला मासा. एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, किन्शिबोरी नावाच्या कालव्यात पकडलेला. आणि जपून ठेवलाय तो उत्तरेला यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावी. कारण हा ठसा शोनाई संस्थानाच्या लोकांचा, आणि त्सुरुओका ही त्यांची राजधानी. तिथे गळाने मासेमारी हा सामुराईंचा सराव होता. काळोखात निघून डोंगर ओलांडून समुद्रकाठच्या खडकांवर जायचं, अखंड बांबूची लांब काठी घेऊन उभं राहायचं. पाय, डोळा, धीर, सगळ्याची कसोटी. मोठा मासा मिळाला की त्याचा ठसा, म्हणजे कामगिरीची नोंदच.

मागच्या वर्षी आम्ही मुद्दाम त्सुरुओकाला गेलो होतो. निगातापर्यंत शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पुढे समुद्राच्या कडेकडेने जाणारी इनाहो गाडी. तिथल्या चिदो संग्रहालयात शोनाईच्या काठ्या आणि जुने ठसे पाहायला मिळतात. मुलगा एका ‘ताई’ माशाच्या ठशासमोर बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, “आई, याचा पाठीवरचा पर नीट उलगडला नाहीये.” मी पाहिलं. खरंच एका जागी पराची घडी तशीच उमटली होती. इतक्या वर्षांपूर्वीच्या कोणा माणसाच्या हातून राहिलेली घडी माझ्या मुलाला दिसली, कारण ते काम त्याने स्वतःच्या बोटांनी केलं होतं.

रोहित_पी

ताई, उत्तराबद्दल आभार, प्रामाणिकपणे लिहिलंत. या जुन्या ठशांचा शास्त्रीय उपयोग होतो का कुणाला? लांबी, तारीख, जागा सगळंच असतं म्हणता.

मेघना_निशिकासाई

होतो तर! २०२० साली जपानी संशोधकांनी यावरच एक निबंध प्रसिद्ध केला. देशभरातली संग्रहालयं आणि गळ-काठ्यांची दुकानं (या दुकानांत भिंतभर ग्योताकू लावलेले असतात) यांच्याकडे विचारणा करून त्यांनी जुने ठसे तपासले. ठशावरून जात ओळखता येते आणि मजकुरावरून तो मासा त्या वर्षी त्या पाण्यात होता हे कळतं. होक्काइदोतला ‘इतो’ नावाचा प्रचंड मोठा मासा आता फार दुर्मीळ झालाय, त्याचेही ठसे त्यांना मिळाले.

म्हणून मी मुलांना तारीख आणि जागा लिहिल्याशिवाय ठसा घरी नेऊ देत नाही. बाजारातून आणलेला असेल तर पाटीवर लिहिलेलं बंदराचं नाव उतरवून घ्यायचं. इथे मासळीवर ते लिहिलेलं असतं. आपल्याकडे मावशीला विचारावं लागेल, कुठला आहे गं हा?

नाना_हर्णै

विचारा की. आमच्या बायका होडीचं नावपण सांगतील.

अबोली_पुणे

आम्ही काल पानांचं केलं. भोपळ्याचं पान पहिल्या वेळी फाटलं, पिंपळाचं छान आलं. सासूबाईंनी स्वतःहून विड्याचं पान आणून दिलं. लेकीने खाली तारीख, जागा (‘आमच्या गच्चीवर’) आणि साक्षीदार म्हणून आजीचं नाव लिहिलंय. आता तिला खरा मासा हवाय. मैत्रिणीच्या घरी जाऊन करू म्हणतेय, बघू.

दर्याकिनारी

मंडळी, आज केलं. सहावीचा वर्ग, बत्तीस मुलं, आठ चिलापी. सोलापूरहून येणाऱ्या एका पालकांनी बर्फात घालून आणून दिल्या. तांबोशीचा विचार होता, परवडली नाही.

ताई, तुमचं सगळं पाळलं तरी पहिले सहा ठसे काळेच आले. मग लक्षात आलं की मी शाई पोस्टर कलरसारखी जाड कालवली होती. पाणी वाढवलं, एकदा रद्दी कागदाने टिपून घेतली आणि मग सातवा आला तो असा की वर्ग एकदम गप्प झाला. माझ्या वर्गात कोळीवाड्यातली अकरा मुलं आहेत. चित्रकलेत ती नेहमी मागे बसतात. आज मासा कसा धरायचा, काटा कुठे लागतो, कल्ला कसा उघडायचा हे तीच बाकीच्यांना दाखवत होती. एका मुलाने मला विचारलं, “सर, घरी बाबांनी आणलेल्या माशाचा घेतला तर चालेल? रोज?” त्याला म्हटलं, रोज घे, पण तारीख टाक.

एक अडचण आली. परांमधल्या पातळ पडद्यांवर शाई साचून गोळे होतात. त्याला काही उपाय?

मेघना_निशिकासाई

सर, डोळे भरून आले वाचून. परांना वेगळा ब्रश वापरा, जवळजवळ कोरडा. आधी अंगाला शाई लावून पुरी करा, ब्रश कागदावर पुसून घ्या आणि जे काही उरलंय तेच परांवर, काट्यांच्या दिशेने, मुळाकडून टोकाकडे. आडवा फिरवला की पडद्यात साचते. तरी साचलीच तर कापसाच्या काडीने टिपा. आणि त्या मुलाला एक वही द्या, सुटे कागद हरवतात.

दर्याकिनारी

वही दिली. पहिलं पान आज सकाळी दाखवायला आणलं. आईच्या डोळ्याखाली घेतलाय, ओट्यावर, स्टीलच्या ताटात उपड्या वाटीचा आधार देऊन. अक्षर त्याचं, जसंच्या तसं उतरवतो:

बांगडा. लांबी २२ सेंमी. वजन तागडी नाही. जागा आमची होडी. पकडणारे बाबा. साक्षीदार आई. नंतर दुसऱ्या बांगड्याचं तिकलं केलं.